बिनखिळीचा सांधा

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे साठेक किलोमीटरांवर पाटस लागतें. रेल्वेचें स्टेशन आहे, हमरस्ता आहे, आणि आजूबाजूला भीमेच्या पाण्यावर पोसलेला उसाचा पट्टा आहे. आषाढी वारीला देहूहून निघालेली तुकोबांची पालखी येथून पुढें रोटीच्या घाटाला लागते, म्हणून वारकऱ्यांना हें नांव पाठ असतें. दिवाळी सरली कीं या भागांतील रस्त्यांचें रूप पालटतें. उसानें शीगभर लादलेल्या बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि मालमोटारी यांच्या रांगा कारखान्यांच्या काट्यांकडे सरकूं लागतात. शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट त्या काट्यावर जेमतेम मिनिटभर उभे राहतात, आणि खिडकीपलीकडे उमटलेला आंकडा त्यांचें मोल ठरवून टाकतो.

असा काटा दिसायला अगदीं साधा. जमिनीशीं समतल बसविलेला, गाडीहून लांब असा एक लोखंडी फलाट, एवढेंच काय तें नजरेस पडतें. एखादा म्हातारा गाडीवान गाडी उभी करतो आणि धास्तावून विचारतो, “दादा, गाडी मधोमध न्हाई आली. वजनांत फरक तर न्हाई ना पडायचा?” आंतला कारकून मान वर न करतां म्हणतो, “नाहीं पडत, मामा. सगळीं चाकं काट्यावर आहेत ना? मग झालं तर!”

कारकुनाचें उत्तर खरें आहे. पण तें कां खरें आहे याचा विचार गाडीवानानें तर राहोच, बहुधा कारकुनानेंहि केलेला नसतो. फलाटाखालीं चार, सहा किंवा आठ ठिकाणीं पोलादाचे ठोकळे बसविलेले असतात. त्यांना लोड सेल म्हणतात. वजन पडलें कीं हा ठोकळा लवतो किंवा दबतो. किती, तर पुऱ्या भारालाहि हजारांत एक भाग, एवढाच. ही लवण डोळ्यांना दिसणें शक्य नाहीं. परंतु ठोकळ्याच्या अंगाला धातूची अतिशय बारीक जाळी चिकटविलेली असते. ठोकळा ताणला कीं तीहि ताणते, आणि ताणलेल्या तारेंतून वीज किंचित् कमी वाहते. हा ताणमापक १९३८ सालीं अमेरिकेंत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनीं एकमेकांच्या मदतीवांचून शोधून काढला. सर्व ठोकळ्यांकडून आलेल्या खुणांची बेरीज केली कीं वजन मिळतें. गाडी एका टोंकाला सरकली तर त्या टोंकाच्या ठोकळ्यांवर भार वाढतो आणि पलीकडच्यांवर तितकाच घटतो. बेरीज ढळत नाहीं.

मात्र याला एक अट आहे. फलाट त्या ठोकळ्यांवर, आणि केवळ त्यांच्यावरच, उभा असला पाहिजे. फलाटाची कड आणि खड्ड्याची भिंत यांच्या फटींत चिखल, खडा किंवा उसाचें कांडें अडकून बसलें, तर भाराचा कांहीं अंश त्या वाटेनें भिंतींत उतरतो आणि ठोकळ्यांना त्याची वार्ताहि लागत नाहीं. वीस टनांच्या खेपेंत शंभरास एक एवढी तूट आली तर दोनशें किलो ऊस हिशेबांतून गेला. टनाला ३,००० रुपये भाव धरला तर एका खेपेमागें ६०० रुपये झाले. यांत कोणाची लबाडी असेलच असें नाहीं, चिखल पुरेसा आहे. म्हणूनच वैधमापन खात्याचे निरीक्षक प्रमाणित वजनें फलाटाच्या मध्यावर ठेवतात तशीं कोपऱ्यांवरहि ठेवून पाहतात.

याहून बारीक अडचण दुसरीच आहे. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर येऊन ब्रेक दाबतो तेव्हां फलाटाला पुढच्या दिशेनें जबर धक्का बसतो. फलाट आडवा सरकूं नये म्हणून त्याला कोणीतरी धरून ठेवणें अवश्य आहे. पण घट्ट धरावें तर धरणाराच भाराचा वांटा उचलूं लागतो! यावर कांहीं काट्यांत योजलेला उपाय मोठा सुंदर आहे. फलाट आणि भिंत यांच्यामध्यें लांब, सडपातळ सळया आडव्या बांधतात. सळई लांबीच्या दिशेनें ओढली तर मुळींच दाद देत नाहीं, परंतु वर-खालीं मात्र सहज लवते. फलाट आडवा हलूं शकत नाहीं आणि उभा मोकळा राहतो. येथें खीळ नाहीं, बिजागरी नाहीं, वंगण नाहीं. एकाच लोखंडाचा तुकडा एका दिशेनें भिंत होतो आणि दुसऱ्या दिशेनें सांधा होतो.

या बिनखिळीच्या सांध्याची ओळख करून घेण्यास काट्यापर्यंत जाण्याचेंहि कारण नाहीं. प्रत्येक स्वयंपाकघरांत सांडशी असते आणि चिमटा असतो. सांडशीचे दोन पाय मधोमध एका खिळीवर फिरतात. नवी असतांना ती भांडें घट्ट धरते. दोन-चार वर्षांत खीळ झिजते, भोंक वाढतें, पाय एकमेकांवरून सरकूं लागतात, आणि एके दिवशीं दुधाचें पातेलें ओट्यावर तिरपें होतें. मग गृहिणी ती सांडशी बत्त्यानें ठोकून घेते आणि आणखी वर्षभर चालवते. चिमट्याचें तसें नाहीं. एकच पट्टी मध्यें वाकवून दुमडलेली. दाबली कीं मिटते, सोडली कीं उघडते. आजीचा चिमटा नातसून वापरते, पण तो ढिला झाल्याची तक्रार कोठें ऐकूं येत नाहीं, कारण ढिला व्हायला त्यांत दोन वस्तूच नाहींत.

सांडशीचा दोष तिच्या कारागिराचा नव्हे. खीळ भोंकांत फिरावयाची असेल तर भोंक खिळीहून केसभर तरी मोठें ठेवलेंच पाहिजे. तेवढ्या केसभर अंतरांत खीळ कोठें आहे हें कोणालाच सांगतां येत नाहीं. कारखान्यांतील मेकॅनिक या मोकळिकीला ‘प्ले’ म्हणतात. हात उजवीकडे नेऊन परत डावीकडे आणतांना आधीं हा प्ले संपतो आणि मग पलीकडचा भाग हलूं लागतो. त्यांत घर्षणाची भर पडते. घासणारी वस्तु सुरळीत सरकत नाहीं. ती चिकटते, मग सुटते, पुन्हां चिकटते. वंगण घातलें तर कुरकुर कमी होते, संपत नाहीं. बैलगाडीला याचें कांहींच नाहीं. आंसाला आणि चाकाच्या तुंब्याला बोटभर प्ले असला तरी ऊस कारखान्यांत पोंचतोच. पण जेथें हालचालच मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची करावयाची, तेथें केसभर प्ले म्हणजे आंगठी करावयास बसलेल्या सोनारानें हातीं घण घेण्यासारखें आहे.

घड्याळजींनीं हें फार पूर्वीं ओळखलें होतें. जुन्या लंबकाच्या घड्याळाचें मागचें झांकण काढून पाहिलें तर लंबक खिळीवर टांगलेला आढळत नाहीं. तो पोलादाच्या कागदासारख्या पातळ पट्टीला लोंबकळत असतो आणि ती पट्टी प्रत्येक हेलकाव्याला इकडे-तिकडे लवते. दिवसाला हजारों वेळां लवूनहि ती पिढ्यान् पिढ्या टिकते. विसाव्या शतकांत यंत्रविशारदांनीं या पट्टीचें शास्त्र केलें. पोलादाच्या अखंड ठोकळ्याला समोरासमोर दोन अर्धगोल खांचा पाडून मध्यें पातळशी मान ठेवली कीं ती मान बिजागरीचें काम करते. तिचा ताठपणा किती असेल याचें गणित पॅरोस आणि वाइसबोर्ड या दोघां अमेरिकन अभियंत्यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलें, आणि आजहि विद्यार्थी तेथूनच आरंभ करतात.

हें गणित समजण्यास फारशी विद्या लागत नाहीं. सपाट पट्टीची जाडी निम्मी केली तर ती लांबीच्या दिशेनें ओढण्यास निम्मी सोपी होते, परंतु वांकविण्यास आठपट सोपी होते. जाडी आणखी निम्मी केली तर ओढीचा ताठपणा चौथाई उरतो आणि वांकण्याचा चौसष्टावा हिस्सा. म्हणजे पट्टी जसजशी पातळ करावी तसतशी ती ओढीला त्या मानानें खंबीर आणि वांकण्याला अत्यंत नरम होत जाते. सांध्याला हवें तें हेंच.

मग सगळेच सांधे असे कां करीत नाहींत? कारण लवणाऱ्या धातूलाहि मर्यादा आहे. पट्टी वांकली कीं तिची बाहेरची बाजू ताणली जाते. मिलिमीटरच्या पांचव्या भागाएवढी पट्टी दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणांत वांकविली, तर हा ताण हजारांत एक एवढा येतो. चांगलें पोलाद तो जन्मभर सोसतें. तीच पट्टी एक मिलिमीटर जाड असेल तर ताण हजारांत पांच होतो, आणि साधें पोलाद तेथें कायमचें वांकून बसतें. मोजका ताणहि पुन्हां पुन्हां दिला तर धातु थकतो. लोखंडी तार हातानें दहा-वीस वेळां मागेंपुढें करून तोडणारा प्रत्येक मुलगा हा प्रयोग करीत असतो. म्हणून बिनखिळीचा सांधा थोड्याच अंशांनीं वळतो. दाराला तो उपयोगाचा नाहीं. शिवाय तो वळला कीं परत सरळ होऊं पाहतो, आणि ज्या बिंदूभोंवतीं तो वळतो तो बिंदूहि किंचित् सरकतो. या तिन्ही दोषांचा हिशेब अगोदर मांडावा लागतो. पण हिशेब मांडतां येतो, हेंच त्याचें मोठेपण. प्लेचा हिशेब कोणाला मांडतां येत नाहीं.

आतां अशा सांध्यांची खरी कसोटी ज्या यंत्रांत लागते त्याकडे वळूं. एखादा चौरंग हवेंत धरला आहे अशी कल्पना करावी. तो पुढें-मागें, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खालीं असा तीन तऱ्हांनीं सरकूं शकतो, आणि तीन अक्षांभोंवतीं तीन तऱ्हांनीं कलूं किंवा फिरूं शकतो. सहांहून सातवी हालचाल नाहीं. तेव्हां लांबी कमीजास्त करतां येईल असे सहा पाय त्याला योग्य तऱ्हेनें तिरपे जोडले, तर सहा लांब्यांवरून चौरंगाची जागा पुरी ठरते. बर्मिंगहॅमच्या डनलॉप कारखान्यांत एरिक गॉफ या अभियंत्यानें १९५४ च्या सुमारास असें सहा पायांचें मेज मोटारीच्या टायरांची परीक्षा घेण्यासाठीं उभारलें. पुढें १९६५ सालीं डी. स्ट्यूअर्ट यांनीं वैमानिकांना जमिनीवरच उड्डाणाचें शिक्षण देण्यासाठीं सहा हालचालींच्या मेजाचा निबंध लिहिला, आणि मेजाला नांव स्ट्यूअर्टचें पडलें. कल्पना आधीं कोणाची आणि नांव कोणाचें, हा प्रकार कांहीं नवा नाहीं.

कारखान्यांतील नेहमींचा यंत्रमानव माणसाच्या हातासारखा असतो. खांद्याला दंड, दंडाला कोपर, कोपराला मनगट. खांद्याच्या सांध्यांतील थोडी चूक बोटांच्या टोंकाशीं पोंचेपर्यंत मोठी होते आणि प्रत्येक सांधा आपली चूक तींत मिळवीत जातो. सहा पायांच्या मेजांत ही उतरंड नसते. सर्व पाय एकाच वेळीं एकाच ओझ्याखालीं उभे असतात, जसे पालखीखालीं भोई. म्हणून हें मेज भक्कम असतें. पण भोयांना विचारावें: सारे एका उंचीचे नसले आणि खांदे आंखडून चालले, तर ते ओझें उचलण्याऐवजीं एकमेकांनाच रेटूं लागतात. मेजाच्या प्रत्येक पायाला वर एक आणि खालीं एक असे बारा सांधे असतात. ते घट्ट असले तर पाय आपसांत झुंजतात. ढिले असले तर बारा सांध्यांचा प्ले मेज वांटून घेतें आणि त्याची जागा ठाम उरत नाहीं. पाहिजे असतो तो लांबीच्या दिशेनें वज्रासारखा आणि बाकी दिशांना वेतासारखा सांधा. काट्याच्या सळईचाच प्रश्न, फक्त सहापट.

अशीं मेजें आतां पृथ्वीवरच आहेत असें नव्हे. २५ डिसेंबर २०२१ रोजीं अंतराळांत गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा मोठा आरसा अठरा तुकड्यांचा आहे, आणि प्रत्येक तुकड्यामागें सहा पायांची रचना आहे. तेथील थंडी उणे दोनशें अंशांच्याहि खालची. वंगण तेथें दगड होतें. त्या पायांची अतिसूक्ष्म हालचाल लवणाऱ्या धातूच्या बळावरच होते. परंतु महाराष्ट्रांतील श्रोत्यांना इतकें लांब जावयास नको. पाटसहून सोलापूरकडे न जातां मराठवाड्याची वाट धरावी आणि हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथला उतरावें.

औंढ्याचें ज्योतिर्लिंग सर्वश्रुत आहे. नामदेव देवळामागें कीर्तनास उभे राहिले तेव्हां त्यांच्यासाठीं अवघें देऊळ फिरलें, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्याच तालुक्यांत दुधाळा गांवाच्या शिवारांत लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्याचें ठरलें आहे, आणि तेथें मात्र एक मेज कणभरहि हलूं नये यासाठीं सारा खटाटोप आहे. भारत सरकारनें या योजनेस फेब्रुवारी २०१६ मध्यें तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. १९८८ सालीं जयंत नारळीकर यांच्या पुढाकारानें पुण्यांत स्थापन झालेली आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचें राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचें बांधकामखातें यांनीं हें काम वांटून घेतलें आहे. यंत्राचे पुष्कळसे भाग अमेरिकेंतच तयार होऊन जपून ठेवलेले आहेत. वेधशाळा २०३० च्या सुमारास चालू व्हावी, अशी मंजुरीच्या वेळीं अपेक्षा होती.

तेथें मोजावयाचें काय, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. दोन कृष्णविवरें एकमेकांवर आदळलीं म्हणजे अवकाशालाच लाट येते, असें आइन्स्टाइननें १९१६ सालीं मांडलेल्या गणितांतून निघतें. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन लायगो वेधशाळांनीं अशी लाट प्रथम टिपली; ती सुमारें एकशेंतीस कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती. गोंगाटांतून अशी लाट निवडून काढण्याच्या गणिती रीतींवर पुण्याच्या आयुकांत संजीव धुरंधर यांनीं कित्येक वर्षें आधींपासून काम केलें होतें. वेधशाळेचे दोन बाहु काटकोनांत, प्रत्येक चार किलोमीटर लांब. बाहूंच्या टोंकांशीं आरसे. लाट येते तेव्हां आरशांमधील अंतर किंचित् बदलतें, आणि लेसरच्या प्रकाशानें तो बदल मोजावयाचा. २०१५ च्या लाटेनें केलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारें चारशेंव्या भागाएवढा होता.

आणि जमीन? जमीन कधींच स्वस्थ नसते. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आणि तळावर आपटत असतात, त्यांच्या धक्क्यांनीं शेंकडों मैल आंतली भूमीहि सतत मायक्रॉनभर डोलते. रेल्वे, मालमोटार, वारा, पंपाची मोटर यांची भर वेगळीच. पाटससारख्या ठिकाणीं, जेथें पुणें-दौंड मार्गावर आगगाड्या धांवतात आणि हमरस्ता रात्रंदिवस वाहतो, अशी वेधशाळा उभारण्याचा विचारहि कोणी करणार नाहीं. औंढ्याची निवड करतांना जमिनीची शांतता हीच पहिली कसोटी होती. पण सर्वांत शांत जमीनहि लायगोच्या दृष्टीनें वादळी समुद्र आहे. एक मायक्रॉन हा त्या लाटेनें केलेल्या बदलाच्या हजारों कोटी पटींहूनहि मोठा आहे.

यावर केलेली योजना पाहण्यासारखी आहे. लायगोचे सारे आरसे जाड नळ्या आणि पेट्या यांच्या आंत, निर्वात पोकळींत राहतात. पेटींत एक भलेंमोठें मेज असतें. तें तीन बाजूंना तीन पोलादी पात्यांवर तोललेलें असतें. पात्याच्या टोंकाला एक बारीक दांडी आणि त्या दांडीला मेज लोंबकळलेलें. पातें उभ्या दिशेनें लवतें, दांडी आडव्या दिशांनीं लवते. मुख्य आरशांच्या पेट्यांत अशीं एकावर एक दोन मजल्यांचीं मेजें आहेत. खीळ एकहि नाहीं. असती तर तिचें घर्षण आधींच कुरकुर करून सर्व नासून टाकील, आणि वंगणाची वाफ निर्वातांत पसरून आरशांवर बसेल.

मेजावर भूकंपमापकें ठेवलेलीं असतात. तीं सहाहि दिशांची हालचाल क्षणोक्षणीं मोजतात, आणि चुंबक व वेटोळीं यांच्या जोड्या मेजाला न शिवतां उलट दिशेनें ढकलतात. डोक्यावर पाण्याचे दोन हंडे घेऊन खडकाळ वाटेनें येणारी बाई ज्यांनीं पाहिली आहे त्यांना ही युक्ति नवी वाटूं नये. पाय ठेंचकाळतात, कंबर आणि मान लवतात, आणि हंड्यांतलें पाणी डहुळत नाहीं. तिच्या मानेंत प्ले असता तर एकहि हंडा घरीं पोंचता ना. मेजाचें ढकलणें-सांवरणें अचूक व्हावयाचें तर मेज ज्यावर तोललें आहे तो सांधा प्रत्येक वेळीं तंतोतंत तसाच वागला पाहिजे. म्हणूनच पोलादी पात्यांवर एवढा भर आहे.

मेजाखालीं आरसा टांगलेला असतो, आणि तोहि एकदम नव्हे. चार वजनें एकाखालीं एक, लंबकाला लंबक जोडून टांगतात. सर्वांत खालचें वजन म्हणजे आरसा. एक साधा प्रयोग घरींच करून पाहावा. दोरीला तांब्या बांधून हात सावकाश हलविला तर तांब्या हाताबरोबर जातो. हात भराभर हलविला तर तांब्या जागचा हलत नाहीं. लंबकाच्या नैसर्गिक हेलकाव्याच्या दहापट वेगानें वरचें टोंक हललें, तर खालीं शंभरावा हिस्साच पोंचतो. असे चार लंबक एकाखालीं एक टांगले म्हणजे शंभराचा भागाकार चार वेळां, दहा कोटींना एक! वरच्या वजनांना पुन्हां पोलादी पात्यांचा आधार. हीं पातीं भार नसतांना वळलेलीं असतात आणि नेमका भार पडतांच सपाट होतात. यांसाठीं जें खास पोलाद निवडलें तें केवळ बळकट म्हणून नव्हे. साधें पोलाद सततच्या भाराखालीं वर्षानुवर्षें अत्यंत सावकाश, मधून मधून किंचित् दचकत खचत जातें. तेवढें दचकणेंहि येथें चालत नाहीं.

सर्वांत खालचा सांधा मात्र पोलादाचा नाहीं, काचेचा आहे. चाळीस किलो वजनाचा, चौतीस सेंटिमीटर व्यासाचा आरसा चार धाग्यांवर टांगलेला असतो, आणि हे धागे शुद्ध सिलिकाचे, मिलिमीटरच्या चार दशांश जाडीचे. हिशेब केला तर धाग्याच्या दर चौरस मिलिमीटरावर सुमारें ऐंशीं किलोंचा भार येतो. काचेवर एवढा विश्वास कशासाठीं? चांगल्या काचेच्या पेल्याला टिचकी मारली तर नाद बराच वेळ घुमत राहतो. पोलादी पेला तितका घुमत नाहीं. ज्या पदार्थाचा नाद लांबतो त्याच्या पोटांत घर्षण कमी. प्रत्येक पदार्थाचे कण उष्णतेनें थरथरत असतात, आणि पोटांतलें घर्षण जितकें कमी तितकी ती थरथर आपल्या एका सुरांत बंदिस्त राहते, बाकीच्या सुरांत गोंगाट करीत नाहीं. लोखंडाच्या सांध्यांतून बाहेरचें घर्षण काढून टाकतां टाकतां अभियंते अखेर धातूच्या आंतल्या घर्षणापाशीं येऊन ठेपले, आणि तेंहि त्यांना जड झालें.

हे धागे तापवून ओढतात आणि लेसरच्या आंचेनें आरशाच्या कानांना सांधतात, म्हणजे आरसा, कान आणि धागा हा सगळा एकच काचेचा तुकडा होतो. चिमट्याचें तत्त्व याहून पुढें नेणें कठीण आहे. पण हें प्रकरण किती नाजूक आहे याचा दाखला इटलींत मिळाला. पिसाजवळच्या व्हर्गो वेधशाळेंत २०१५-१६ च्या सुमारास असे काचेचे धागे एकामागून एक तुटूं लागले. धाग्यांत दोष सांपडेना, ओझें जास्त नव्हतें, भूकंप झाला नव्हता. शोध घेतां घेतां संशय निर्वात करणाऱ्या पंपांवर आला. पेटींत हवा परत सोडतांना त्यांच्या वाटेनें बारीक कण उडून आंत येत आणि ताणलेल्या धाग्यावर आपटत. काचेला तेवढा ओरखडा पुरे. २०१७ सालीं व्हर्गोनें लायगोच्या जोडीनें निरीक्षणास आरंभ केला तेव्हां आरसे पोलादी तारांवर टांगलेले होते, आणि तेवढ्यानें तिची श्रवणशक्ति उणी पडली. वाटा बदलून, जाळ्या बसवून, काचेचे धागे पुन्हां चढले ते २०१८ मध्यें. उसाच्या काट्याला चिखल आडवा आला तसाच येथें धूळकण आडवा आला. किंमत मात्र तीन वर्षांची.

औंढ्याच्या परिसराला धूळ नवी नाहीं, आणि जमीनहि पुरती मुकी नाहीं. २०२४ सालीं मार्चमध्यें आणि पुन्हां जुलैमध्यें हिंगोली जिल्ह्यांत सुमारें साडेचार तीव्रतेचे धक्के बसले. किल्लारीची ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्या मराठवाड्यानें पाहिली त्याला अशा धक्क्यांनीं धडकी भरावी हें स्वाभाविकच. वेधशाळेच्या मेजांपुरतें बोलायचें तर ती निराळी गोष्ट आहे. हीं मेजें समुद्राची डोल आणि दूरच्या मोटारींची घरघर गिळण्यासाठीं आहेत. जवळचा भूकंप गिळणें त्यांच्या आवांक्याबाहेरचें. पातीं आणि दांड्या ठराविक मर्यादेपलीकडे लवूं नयेत म्हणून भोंवतीं अडसर ठेवलेले असतात. धक्का मोठा असला तर मेज त्यांवर टेंकतें, प्रकाशाचें अनुसंधान सुटतें, आणि सर्व शांत झाल्यावर आरसे पुन्हां एका रेषेंत आणावे लागतात. अमेरिकेंतल्या वेधशाळांना तर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस झालेल्या मोठ्या भूकंपाचाहि उपद्रव होतो. म्हणून तेथें भूकंपाची आगाऊ सूचना येतांच मेजांची राखण करणारी यंत्रणा निराळ्या रीतीवर नेतात: नेहमींचा कांटेकोरपणा थोडा सैल करावयाचा, जमिनीबरोबर मेजाला जरा डोलूं द्यावयाचें, आणि लाट ओसरेपर्यंत धागे सांभाळावयाचे.